कारेगाव ते भांडगाव: एका रिकाम्या पिंपाच्या मागे

सकाळी पुण्यातून निघाले तेव्हा मला वाटत होतं, मी फक्त तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर आणायला चालले आहे. ईशान, तारा, जहाजावरच्या सुट्टीचे फोटो पाठवताना तुम्ही विचारलं होतं, "आजी, एवढ्या मोठ्या जहाजाचा कचरा जातो कुठे?" जहाज म्हणजे तरंगतं गावच. तिथे रंगकाम चालतं, दवाखाना असतो, कपडे धुण्याची मोठाली यंत्रं असतात. त्यातून उरणारी रसायनं, गाळ आणि मुदत संपलेली औषधं समुद्रात टाकायला बंदी आहे. आपल्या मुंबईच्या बंदरात लागणाऱ्या जहाजांचा असा घातक माल पिंपांत बंद करून उतरवतात. त्यातला काही ट्रकने शिरूर तालुक्यात कारेगावजवळच्या एका कारखान्यात जाळायला येतो. माझी भाची मेधा ही वाहतूक सांभाळते. "मावशी, चल की, गाडीत जागा आहे," असं ती म्हणाली आणि मी डबा, पाण्याची बाटली, टोपी घेऊन तयार झाले.

शिक्रापूरला आम्ही चहाला थांबलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रक उभे होते आणि इमारतींवर "रूम भाड्याने मिळेल" अशा पाट्या होत्या. चहावाला कामगारांशी हिंदीत, आमच्याशी मराठीत आणि फोनवर तिसऱ्याच कुठल्या भाषेत बोलत होता. मेधाने सांगितलं की तिचा ट्रक आदल्या संध्याकाळी इथेच मुक्कामाला होता.

कारेगावच्या पुढे कारखान्याच्या फाटकाशी आम्ही पोचलो तेव्हा पिंपं उतरवून झाली होती. बंदरात चढवलेल्यापेक्षा एक पिंप कमी भरत होतं. ट्रकचा चालक सोपान फाटकाशी उभा होता. चाळिशीचा माणूस, अंगात इस्त्रीचा नवा शर्ट, जणू पाहुणा म्हणून कुठे निघालेला.

"सोपान, पिंप कुठंय?" मेधाने विचारलं.

"मॅडम, ते रिकामं हुतं. हितं आणून तरी काय, चेपूनच टाकणार ना?"

"कुठंय ते?"

"भनीला दिलं. भांडगावला. आज तिच्या पोराचं जावळ हाय." (जावळ म्हणजे मुलाचे पहिले केस काढणं. मूल मामाच्या मांडीवर बसतं आणि मामा काहीतरी भेट देतो.) "काल शिक्रापुरात दाजी टेम्पो घेऊन आला हुता. झाकणाचं, कडीचं, नवं कोरं पिंप. पाण्याला झ्याक."

मेधा गाडीच्या बॉनेटला टेकून सांगू लागली. त्या पिंपात जहाजाच्या धुलाईयंत्रांचा गाळ होता. पाण्याविना कपडे धुण्याचं, ड्रायक्लीनिंगचं द्रावण असतं ना, त्याचा. झाकण नीट बसेना म्हणून बंदरात तो दुसऱ्या पिंपात ओतला. पण रिकामं पिंपही नियमाने घातक कचराच, कारण तळाला आणि कडांना थोडं राहतंच.

"तिनं सोडा घालून घासलंय," सोपान म्हणाला. "पाणी आरशावानी दिसतंय म्हणली."

"दिसणारच," मेधा म्हणाली. "ते द्रावण पाण्यापेक्षा जड असतं, खाली बसतं. वरचं पाणी स्वच्छ दिसेल. पिंप जसजसं उपसलं जाईल तसतसं खालचं वर येईल. जेवायला किती माणसं आहेत?"

सोपान फोन लावत होता. पलीकडे रिंग वाजत राहिली.

आम्ही तिघं गाडीत बसलो. रांजणगावावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. एरवी मी तुम्हाला त्या रस्त्याचं वर्णन केलं असतं. उसाचे हिरवे पट्टे, कांद्याच्या चाळी, मधूनच बाभळीखाली बसलेली मेंढरं. मला ते सगळं दिसत होतं आणि काहीच दिसत नव्हतं. सोपान बहिणीला, दाजीला, शेजाऱ्याला आळीपाळीने फोन लावत होता.

"मांडवात डीजे लावला आसंल," तो म्हणाला. "कुणाला ऐकू जानार?" थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं, "पयल्या पंगतीला पोरं बसत्यात."

त्यानंतर मेधाने गाडीचा वेग वाढवला.

न्हावऱ्याच्या पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. वळणात त्याची मागची ट्रॉली निम्मा रस्ता अडवून बसली. सोपान खाली उतरून ओरडला, "ए पाव्हणं, बाजूला घे की! जावळाला मामा चाललाय!"

"मामा हाय तर आदीच निघायचं!" ट्रॅक्टरवाल्याने वरूनच उत्तर दिलं. "न्हावी पळून चाललाय व्हय?"

मागे थांबलेले मोटारसायकलवाले हसले. सोपान हसला नाही. त्याने दोन्ही हात जोडले. त्याचा चेहरा बघून ट्रॅक्टरवाल्याचीही थट्टा तिथेच थांबली. त्याने चाक शेतात उतरवून आम्हाला वाट दिली.

पारगावला भीमा ओलांडली. पुलावरून नदीचं पात्र रुंद आणि संथ दिसलं. केडगाव गेलं, चौफुल्याला आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो, आणि भांडगावात शिरताना गाण्याचा आवाज कानावर आला. म्हणजे कार्यक्रम चालू होता.

मांडवात मुलं पहिल्या पंगतीतून उठत होती. मांडवाच्या तोंडाशीच ते पिंप होतं, निळं, चकचकीत. मामाचा आहेर म्हणून त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं, गळ्यात झेंडूचा हार होता. एक बाई त्यात वाकून तांब्या बुडवत होती. पाणी निम्म्याच्या खाली गेलेलं मला लांबूनच दिसलं.

"आला का दादा! पोरगं कवाचं रडतंय मामासाठी!" सोपानची बहीण हिराबाई नवी साडी सावरत पुढे आली.

मेधाने त्या बाईच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि पिंपावर झाकण ठेवलं. "हे पाणी कुणी प्यायचं नाही."

गाणं थांबलं. हिराबाईचे सासरे आप्पा, पांढऱ्या पटक्यातले, काठी टेकत समोर आले. त्यांनी तरुणपणी मेंढरं राखली, आता ऊस केला, आणि नातवाच्या जावळाला अख्खी भावकी जेवायला बोलावली होती. "बाई, तुमी कोण? माझ्या पंगतीतलं पानी काढून घेता व्हय?"

मेधा बोलायच्या आत सोपान म्हणाला, "आप्पा, चूक माझी हाय. त्यात औषद हुतं. कपडे धुवायचं. जहाजावरचं."

"जहाज?" आप्पांनी मांडवाकडे पाहिलं. "आरं, जहाज कवा आलं आपल्या दारात?"

तेवढ्यात एक मुलगी आईला बिलगून म्हणाली, डोकं गरगरतंय. मांडवामागे एक मुलगा ओकत होता. मग कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. दाजींनी टेम्पो काढला. पाणी प्यायलेल्या मुलांना घेऊन मेधा आणि सोपान दौंडच्या दवाखान्याकडे निघाले. टेम्पोत चढताना मेधा फोनवर डॉक्टरांना द्रावणाचं नाव अक्षरं फोडून सांगत होती.

मी मागे राहिले. पाहुणे चपला शोधू लागले. कुणीतरी म्हणालं, "सैपाकात बी तेच पानी आसंल." हिराबाईने ते ऐकलं. ती चुलीपाशी जाऊन उभी राहिली. पुरणपोळ्यांच्या थप्प्या, आमटीची पातेली तशीच होती. ती रडत नव्हती. नुसती पदर हातात घट्ट धरून उभी होती.

मी तिला सरळ विचारलं, "हिराबाई, स्वयंपाकाला पाणी कुठलं?"

"सकाळी टँकर आला ना आजी. थेट हंड्यात भरलं. पिंपाला हात बी लावला न्हाई, ते पंगतीला ठेवलं हुतं."

"आणि पिंप कुठे घासलंत?"

"बोअरच्या ओट्यावर."

मी मेधाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, घासलेलं पाणी तिथेच खाली मुरलं असेल, बोअरची मोटर बंद करा, तपासणी होईपर्यंत ते पाणी कुणी वापरायचं नाही. आप्पांनी स्वतः जाऊन मोटरची वायर सोडली.

मग मी पंगतीच्या पट्टीवर बसले आणि म्हणाले, "मला वाढा." माझ्या बाटलीतलं पाणी मी पेल्यात ओतलं. आप्पा काठी बाजूला ठेवून समोर येऊन बसले. त्यांच्यामागून दोन-तीन जणी बसल्या. बाकीचे निघून गेले. पोळी चांगली झाली होती. पानातलं सगळं मी संपवलं.

संध्याकाळी दौंडहून निरोप आला. मुलं शुद्धीवर, बोलती आहेत, रक्त तपासायला दिलं आहे, रात्रभर ठेवून घेणार. दुसऱ्या दिवशी सगळी घरी आली. काही महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावलं आहे. जावळ त्या दिवशी झालं नाही.

पिंपाचं नीट न बसणारं झाकण दोरीने आवळून ते हारासकट कारखान्यात परत गेलं. आतलं उरलेलं पाणीही आता घातक कचरा होता, आणि ओट्याभोवतीची खणून काढलेली मातीसुद्धा.

पुण्याला परतल्यावर मेधाला सोपानविरुद्ध वरिष्ठांना कळवावंच लागलं. तिने कळवलं. मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आहे. जहाजाने नियम पाळला, बंदराने पाळला, शिक्रापूरपर्यंत रस्त्यावरही तो पाळला गेला. पण नियम करणाऱ्यांनी पिंपाकडे कचरा म्हणून पाहिलं, आणि ज्यांच्या दारात नळ नाही त्यांना त्यात पाणी दिसलं. सोपानला कुणी नीट सांगितलं असतं की रिकाम्यातही काही उरतं, तर? मेधा म्हणते, सांगितलं होतं, सहीसुद्धा घेतली होती. मला वाटतं, सही घेणं आणि पटणं यांत अंतर राहिलं.

बोअरचा अहवाल अजून आलेला नाही. सोपानला कामावरून थांबवलं आहे. तो रोज सकाळी चौफुल्यावरून मोटारसायकलला दोन कॅन बांधून बहिणीकडे पाणी पोचवतो. हिराबाई त्याच्याशी बोलत नाही. कॅन ओसरीवर उतरले की ती आधी झाकण उघडून वास घेते, थोडं पाणी मातीत ओतून बघते, आणि मग आत नेते. तेवढा वेळ तो दाराबाहेर उभा राहतो.