दुसऱ्या गिअरमधली अंत्ययात्रा

तुफान म्हणजे आमच्या मिशनच्या दवाखान्याचा ड्रायव्हर. घरी हा माणूस इतका संथ, की त्याची बायको म्हणते, "हे मोजा शोधायला लागले की मी भाजी चिरायला घेते. माझी भाजी शिजून होते, यांचा मोजा सापडत नाही." पण स्टिअरिंग हातात आलं की अंगात यायचं त्याच्या.

नोकरी लागली तीही तशीच. तरुणपणी तो बेकरीची गाडी चालवायचा. एकदा वळण चुकलं आणि गाडी थेट मिशनच्या कुंपणाच्या भिंतीत. पाव सगळे अंगणभर. थोरल्या सिस्टर बाहेर आल्या. साता समुद्रापलीकडून आलेली काटकुळी बाई, पण आवाज असा की पोरं चड्डी सावरत. त्यांनी आधी त्याचं डोकं तपासलं, मग भिंत, आणि म्हणाल्या, "भिंत तू बांधून दे. उद्यापासून माझी गाडी चालव. आत्ताचा ड्रायव्हर पोचवेपर्यंत पेशंट एकतर बरा होतो, नाहीतर जातो."

तेव्हापासून त्या मागे औषधांच्या खोक्यांत बसून "अजून जोरात!" म्हणत आणि तो ऐके. गाडीचा पहिला गिअर मोडला, तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, गाडी आठवडाभर सोडा. सिस्टर म्हणाल्या, "दुसरा आहे ना? मग पहिला कशाला हवा?" झालं. गाडी तेव्हापासून एक तर पळायची, नाहीतर बंद पडायची. मधलं काही तिला येतच नव्हतं.

सिस्टर गेल्या, झोपेतच. त्यांना कशाचीही वाट बघणं जमायचं नाही, तेव्हा हेही झटपट. नव्या मदरनी काचेची भाड्याची शववाहिनी ठरवली. मदर भली बाई, पण टापटिपीची. पडद्याची चुणी वाकडी दिसली तरी बोलणं अर्धवट सोडून उठणारी.

तुफान त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. "मदर, त्यांना मीच नेणार."

"अहो, अंत्ययात्रा आहे. लोक मागून चालत येणार, भजनं म्हणत. तुम्हाला हळू जमेल?"

"जमेल की."

"नक्की? ठीक आहे, पण ती काचेची गाडी मागून रिकामी येऊ देते. एकदा जरी गडबड झाली, तर शवपेटी तिकडे."

गिअरबद्दल अवाक्षर काढलं नाही पठ्ठ्याने. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आहे. मला कळायला हवं होतं. पण दुखऱ्या गुडघ्यांमुळे मला पुढच्या सीटवर जागा मिळाली होती, त्यामुळे मीही गप्प.

चर्चमधली मिस्सा झाली, शवपेटी गाडीत चढली, फादर पुढे धूप घेऊन उभे राहिले. तुफानने क्लच सोडला. गाडीने आचका दिला आणि फादरांनी रस्त्याकडेच्या गटारावरून अशी उडी मारली, की साठीच्या माणसाकडून मी अपेक्षा केली नव्हती.

"अरे, हळू!" मी ओरडले.

"हळू घेतली तर बंद पडेल, बाई!"

मागे वळून पाहते तो सगळी अंत्ययात्रा पळतेय. सिस्टर लोक झगे मुठीत धरून, भजनाचा ताल दुप्पट, पेटीवाला गळ्यातल्या बाजाच्या पेटीसकट. तुफानची बायको सगळ्यांच्या पुढे. "घरी असं पळा कधीतरी!" असं ती खिडकीशी येऊन नवऱ्याला सुनावून गेली. मग गाडी थांबायची, घोळका धापा टाकत पोचायचा, भजनाचा सूर लागायचा, की पुन्हा आचका.

चढाच्या पायथ्याशी ती बंद पडली ती पडलीच. वर दफनभूमी. मागून काचेची गाडी शहाण्या सुनेसारखी येऊन उभी राहिली. मदर घामाघूम होऊन खिडकीशी आल्या.

"काय झालंय गाडीला? खरं सांगा."

"पहिला गिअर नाही, मदर. कधीचाच."

"आणि तुम्ही मला जमेल म्हणालात!"

"त्यांना दुसऱ्या कुणी न्यावं, हे नाही बघवणार मला." तो समोर काचेकडे बघत म्हणाला. "घ्या पेटी तिकडे. खोटं बोललो मी."

मदरनी मागे पाहिलं. फादर दगडावर बसून बुटातला खडा काढत होते. पेटीवाल्याला दोघी वारा घालत होत्या. मदरच्या ओठाचा कोपरा थरथरला, मला वाटलं आता रडतील. पण बाई खिंकाळल्यासारख्या हसल्या, आणि मग कुणालाच आवरेना.

"चढावर पळायला मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "मागे जागा आहे ना?"

मदर, फादर आणि मावतील तेवढ्या सिस्टर पेटीभोवती बसल्या. बाकीच्या धडधाकटांनी ढकलून गाडी सुरू केली. उरलेल्यांना काचेची गाडी घेऊन आली. म्हातारी मंडळी त्यात काचेआड अशी ताठ बसली होती, की रस्त्यावरच्या माणसाने टोपी काढली.

चढ तुफानने एका दमात मारला. वर पोचलो तर खड्डा खणणारा अजून खड्ड्यातच, कमरेइतका.

"अहो, तुमची वेळ पुढची आहे!" तो आतून करवादला. "एवढी घाई कुणाला?"

"पेटीतल्या बाईंना," मदर म्हणाल्या आणि गाडीच्या पायरीवर पाय सोडून बसल्या. आम्ही सगळे तिथेच टेकलो. तुफान मात्र खाली उतरेना. मागे पेटी होती तोवर तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. मदरनीही त्याला उतर म्हटलं नाही; उलट खड्ड्यात वाकून म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या हो तुमचं."