हेळव्याच्या वहीतली गंगाआत्या

मागच्या रविवारी गावी गेले होते. मैंदर्गीच्या थोडं पुढे आमचं छोटंसं गाव... हातात गावाच्या इतिहासाची पुस्तिका, छपाईला जायच्या आधीची शेवटची प्रत, आणि मी नुसती हवेत.

दोन वर्षं खपतेय मी या पुस्तिकेसाठी. सोलापुरात शाळेत शिकवते, त्यामुळे जी सुट्टी मिळाली ती कचेरीतले जुने कागद उचकण्यात गेली. धुळीने शिंकून शिंकून बेजार झाले, पण गावातल्या एकेका घराण्याचं एकेक पान तयार केलं.

आमचं पान गंगाआत्याला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. गंगाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परत आली ती कायमची. आता वडीलही नाहीत, गावातल्या घरात ती एकटीच असते. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील... मी वाचत गेले आणि ती ज्वारी पाखडत ऐकत राहिली.

शेवटी एवढंच म्हणाली, "आन् ह्यात मी कुटं हाय गं?"

मी पडले शिकलेली बाई... उत्तर तयारच. "अगं आत्या, हे सगळं सातबाऱ्यावरून केलंय. त्यात तुझं नाव नाही ना." ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा सूप हातात घेतलं. ते "बरं" मला टोचलं, खोटं कशाला बोलू. पण कागदात नाही ते मी तरी कुठून आणू, अशी स्वतःची समजूत घातली.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. डोक्याला पटका, काखेत कापडात बांधलेलं बाड... हेळवी आला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हेळवी म्हणजे आमच्या सीमाभागात दारोदार जाऊन त्या त्या घराण्याची वंशावळ म्हणून दाखवणारी माणसं. काही वर्षांनी एकदा येतात, पिढ्या म्हणतात, घरात जन्मलेली नवी नावं वहीत लिहून घेतात आणि धान्य घेऊन पुढच्या दारी जातात. पूर्वी बैल घेऊन यायचे, आता पेट्रोलवर येतात.

"अव्वा, वळीकलं का?" त्याने विचारलं.

"बापाचं नाक घिऊन आलायस की... न वळकाया काय झालं?" आत्या म्हणाली.

मग तो उभ्यानेच सुरू झाला. वही उघडली नाही, कुठे अडखळला नाही... चहाला उकळी येईपर्यंत माझी दोन वर्षांची मेहनत त्याने म्हणून संपवली. वर माझ्या कागदांच्याही मागच्या तीन पिढ्या. आमचे लोक मूळ कुठल्या गावचे, ते गाव का सोडलं, सगळं तोंडपाठ! मी पेन काढून अधाशासारखी लिहीत सुटले. ज्या परंपरेकडे मी आजवर गंमत म्हणून बघत होते, तिच्यापुढे मनातल्या मनात हात जोडले.

पण नावं सगळी पुरुषांचीच. आत्या मान खाली घालून सुपातले खडे वेचत होती. मला राहवेना. विचारलं, "दादा, तुमच्या वहीत लेकींची नावं नसतात का?"

"लेकी दिल्या घरी जातात, ताई. हितल्या वहीत त्यांचं काय ऱ्हात न्हाय."

"आणि परत आलेली लेक?"

विचारलं आणि जीभ चावली. आत्यासमोर हे काय बोलून बसले...

खाली बसून त्याने बाड सोडलं, तळातून एक जुनी, कडा झिजलेली वही काढली. त्याच्या वडिलांच्या हातची, कन्नडमधली. एका ओळीवर बोट ठेवून सुरात वाचायला लागला. मला कन्नड बाजारापुरतं कळतं, हे सगळं डोक्यावरून गेलं. पण आत्याचा खडे वेचणारा हात थांबला होता... आणि डोळे भरून आले होते.

मग त्याने माझ्यासाठी मराठीत सांगितलं. "माज्या बापानं लिवलंय, ताई. भीमण्णाची लेक गंगव्वा, सासरहून परत आली. दुष्काळात आईबाप खडी फोडाया गेले, तवा दोन धाकटे भाऊ हिनं सांबाळले. दारी आलेल्या हेळव्याला आपल्या वाटणीची भाकर दिली. ह्ये घर हिच्यामुळं ऱ्हायलं."

भीमण्णा म्हणजे माझे आजोबा, आणि त्या दोन भावांतला एक म्हणजे माझे वडील.

"इतकी वर्सं येतोयस, कदी बोलला न्हाईस?" आत्याने विचारलं.

"कुनी इचारलंच न्हाय की, अव्वा."

हे मला चांगलंच लागलं. मीही कुठे विचारलं होतं? स्वतः एक लेक असून, या घरात लहानाची मोठी होऊन, मी तिला सोडून सातबाऱ्याला विचारत बसले होते.

"परत वाच की, तम्मा," धाकट्या भावाला म्हणावं तसं आत्या म्हणाली. त्याने वाचलं. मग तिने आणखी एकदा वाचायला लावलं. तो निघाला तेव्हा तिने त्याच्या पोत्यात पाखडलेली सगळीच्या सगळी ज्वारी ओतली.

मी ओट्यावरूनच प्रेसला फोन केला, छपाई थांबवा म्हणून. ते वैतागले... वैतागू देत. आमच्या पानावर आता ती ओळ जशीच्या तशी आहे आणि खाली आधार म्हणून हेळव्याच्या वडिलांचं नाव. बाकीच्या घराण्यांकडेही पुन्हा जातेय. या वेळी कागद बाजूला ठेवून, आधी घरातल्या बायकांशी बोलायला.

हेळव्याच्या त्या वडिलांना मी कधी पाहिलं नाही. पण त्यांना मनापासून नमस्कार... माझी चूक त्यांनी माझ्या जन्माच्याही आधी दुरुस्त करून ठेवली होती.