बोटांनी पाहिलेली झाडं

बाबांची नजर एका दिवसात गेली नाही. काचबिंदूने ती कडांकडून हळूहळू खात आणली. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग पायाखालचं, आणि शेवटी समोर एक धुरकट खिडकी तेवढी उरली. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तीही मिटली. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी नागपुरातल्या एका सरकारी बागेत काढली होती. माळी म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. फुलझाडांची दुखणी ओळखण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या भागात कुणी नव्हतं. लोक पिशवीतून पानं आणायचे, सालीचे तुकडे आणायचे. डोळे गेल्यावरही लोकांचं येणं थांबलं नाही. फक्त आता बाबांसोबत मला जावं लागे.

घरात आम्ही दोघंच. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. यंत्रांच्या सुट्या भागांवरचे ओरखडे आणि चिरा शोधायच्या, हे माझं काम. त्यामुळे बारीक पाहायची सवय होती, पण झाड कसं पाहायचं ते मला येत नव्हतं. हे पहिल्याच रविवारी कळलं.

मागच्या गल्लीतल्या काकूंचा बहावा ऐन पावसाळ्यात उघडाबोडका झाला होता. त्या फाटकातच उभ्या होत्या, हातात फवाऱ्याचा पंप.

"भाऊ, आठ दिवसांत पूर्ण झाड बुचं झालं जी. मरते वाटते."

बाबांनी खोडावर तळहात ठेवला आणि मला विचारलं, "काय दिसून राहिलं तुले?"

"पानं नाहीत."

"ते तं काकूंनीही सांगतलं. देठ आहेत का? पानं काठावरून खाल्ली का मधात भोकं पडली?"

मी एक फांदी खाली ओढली. देठ जागेवर होते. उरलेली पानं काठावरून कुरतडलेली होती. आणि एका शिरेवर, अगदी शिरेच्याच रंगाची, एक हिरवी अळी लांब होऊन पडली होती. इतकी शांत की मी दोनदा तिच्यावरून नजर फिरवली होती. बाबांनी खाली वाकून मातीतले बारीक काळे दाणे, अळीच्या लेंड्या, चिमटीत घेतले, चुरगळले.

"ही फुलपाखराची अळी आहे. ही दरसाली येते, पानं खाते आन् जाते. झाडाले काही होत नाही. पंप ठेवून द्या, काकू. पंधरा दिवस थांबा."

काकूंना ते पटलं नाही, पण बाबांच्या शब्दाखातर त्या थांबल्या. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, "तुम्ही दोघंही या, आत्ता या." गेलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. ओल्या उन्हात बहाव्याभोवती फिकट पिवळी फुलपाखरं फिरत होती, किती ते मोजता येईना. सगळं अंगण हलल्यासारखं वाटत होतं. मी बाबांना सांगत होते, आता वर गेली, आता कुंपणावरून पलीकडे गेली, फांद्यांना तांबूस कोवळी पानं फुटलीत. ते चेहरा वर करून ऐकत होते. एक फुलपाखरू त्यांच्या बाहीवर येऊन बसलं. मी बोलायची थांबले. "काहून थांबली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुमच्या हातावर आहे." मग ते उडेपर्यंत त्यांनी हात हलवला नाही.

त्यानंतर मी खरी शिकत गेले. पांढऱ्या चाफ्याची पानं वरून पिवळी दिसली तर ती उलटायची. खाली नारिंगी भुकटी असेल तर तो तांबेरा. गळलेली पानं झाडाखाली ठेवायची नाहीत, फांद्या विरळ करायच्या, पाणी मुळाशी द्यायचं. एका घरी कांचनाची पानं काजळ फासल्यासारखी काळी होती. मी ओल्या फडक्यानं पुसली तर खालून पान हिरवंगार निघालं. बाबांनी पानावरून बोट फिरवलं. चिकट लागलं.

"काळं ते दुखणं नोहे. चिकट कुठून टपकून राहिलं ते पाहा. मुंग्या कुठं चालल्या?"

मुंग्यांच्या रांगेमागे मी नजर नेत गेले. वरच्या कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यांत पांढरे, कापसासारखे पुंजके होते. पिठ्या ढेकूण. ते रस पितात, त्यांचा गोड चिकटा खाली पडतो आणि त्यावर काजळी धरते. घरी परतताना बाबा म्हणाले, "दुखणं दिसते तिथंच राहत नाही. लोक दिसते तिथंच औषध मारतात."

त्या दिवसांत बाबांना स्वप्नं फार पडायची, आणि स्वप्नात त्यांना दिसायचं. सकाळी चहा घेताना ते ओसरीत बसून मला झाडं सांगायचे. तामणाचा जांभळा रंग, सोनमोहराखालची पिवळी सडक, बागेतल्या जुन्या हौदात पडलेलं नीलमोहराचं प्रतिबिंब. सांगता सांगता मधेच थांबून म्हणायचे, "पण तामणाच्या पानावर भुरी होती वं. पांढरी. कुणालेच दिसली नाही." मी कप हातात धरून ऐकायची. बाहेर उजाडत असायचं आणि घडीभर मलाही कळायचं नाही की आम्ही नेमके कुठे बसलोय.

आमच्या फाटकाशी गुलमोहर होता. या वस्तीत घर झालं त्या वर्षी बाबांनीच लावलेला. त्याची सावली गल्लीच्या पलीकडच्या कडेपर्यंत जायची. गल्लीतल्या मुलांची शाळेची व्हॅन त्याच्याखालीच थांबायची.

गणपतीच्या दिवसांत एकदा स्कूटर काढताना माझं त्याच्या बुंध्याकडे लक्ष गेलं. जमिनीलगत, सालीतून बाहेर आलेला एक तपकिरी कान होता, कडेला पांढरा, वरून लाखेसारखा चकाकता. त्याच्याजवळ साल चिरली होती. मी चावी तशीच धरून उभी राहिले. अशी बुरशी बुंध्याशी दिसली की मुळं आतून कुजलेली असतात, हे मला बाबांनीच एका रेनट्रीपाशी शिकवलं होतं. "या दुखण्याले औषध नाही," तेही सांगितलं होतं.

मी बाबांना काही बोलले नाही. संध्याकाळी सांगू म्हटलं. मग सण होऊन जाऊ दे म्हटलं. मग थंडी आली, पानं झडली, आणि एवीतेवी उघड्या असलेल्या झाडाबद्दल गल्लीत कुणी काही विचारेना. बाबा विचारायचे तेव्हा मी म्हणायची, "बरा आहे." ज्याचे डोळे गेले त्याला त्याचंच झाड चाललंय हे सांगायला माझी जीभ उचलत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही ते खोटं ठरायला हवं होतं.

मे महिन्यात गुलमोहर असा फुलला की तसा कधीच फुलला नव्हता. पान दिसत नव्हतं. रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून फोटो काढायचे. दुपारच्या उन्हात घराच्या भिंतीही लालसर व्हायच्या, आणि माझ्या मनानं ठरवून टाकलं की आपलीच चूक झाली असेल. काकू खास येऊन सांगून गेल्या, "भाऊ, यंदा तं तुमच्या गुलमोहराले पाहातच राहावं."

बाबा म्हणाले, "चाल, मले खाली उभं कर."

मी हात धरून नेलं. पायाखाली पाकळ्यांचा थर होता. ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले, मग बुंध्याला हात लावून खाली बसू लागले. हात सालीवरून घसरत खाली आला आणि थांबला. तो कान आता वाळून लाकडासारखा कठीण झाला होता. बाबांनी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा. त्याच्या मागे अजून दोन होते, ते मीही पाहिले नव्हते. मग त्यांनी बोटाच्या पेरांनी खोडावर वाजवलं. वर भरीव आवाज आला. खाली पोकळ.

"तुले दिसलं होतं?"

"हो."

"कवा?"

"गणपतीत."

ते रागावले नाहीत. पाकळ्यांवर बसले.

"मले डोळे नाहीत म्हणून मी तुले नेतो सोबत," ते म्हणाले. "तूच गोड गोड सांगतलं तं मी कोणाले विचारू?"

मी त्यांच्या शेजारी बसले. मग बाबा म्हणाले, "मरायच्या आधी झाड असं फुलते कधी कधी. वादळाचे दिवस आहेत. व्हॅन इथं लावू देऊ नको. झाड तोडायचा अर्ज उद्याच महापालिकेत टाक."

व्हॅनवाल्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. अर्ज दिला, पाहणी झाली, परवानगी आली. त्या मधल्या दिवसांत दोन वावटळी येऊन गेल्या आणि दोन्ही वेळा आम्ही ओसरीत झाडाच्या आवाजाकडे कान लावून बसलो. झाड कापायला माणसं आली तेव्हा गुलमोहर अजून लालच होता. बाबांनी मला आत जाऊ दिलं नाही. "सांगत राहा," म्हणाले. मी सांगत राहिले. आता उजवी फांदी, आता शेंडा, आता नुसतं खोड. मी मधेच थांबले की ते म्हणायचे, "हं, पुढं." शेवटी बुंधा उघडा पडला. आत पांढरं, ओलं, स्पंजासारखं झालेलं लाकूड होतं. बाबांनी त्यात बोट खुपसलं तर ते पेरापर्यंत आत गेलं. कापणारा माणूस म्हणाला, "बाबाजी, हा तं एका झोक्यात पडला असता." "बुरशी मातीत राहते. इथं पुन्हा गुलमोहर लावायचा नाही," बाबा मला म्हणाले.

त्या रात्री ते जेवले नाहीत. मीही नाही.

दिवाळीनंतर पारशिवनीजवळच्या एका गावातून फोन आला. शाळेच्या आवारातल्या दोन कांचनांच्या खोडांवर भुशाची जाळी झाली होती. बाबांचे गुडघे दुखत होते. "तू जा," ते म्हणाले. मी एकटीच बसनं गेले. जाळी काढली, खाली दोन्हींच्या सालीत भोक सापडलं. साल खाणारी अळी. गुरुजींना काय ते सरळ सांगितलं. एक झाड वाचेल, दुसऱ्याचं सांगता येत नाही. मग दोन्ही भोकांत तार घालून अळ्या मारल्या आणि भोकं बुजवली.

घरी पोचले तेव्हा बाबा ओसरीत बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दुसऱ्या झाडात तार कितीक आत गेली?"

मी त्यांचा हात उघडला आणि मनगटापासून मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत बोट ओढत नेलं. त्यांनी मूठ मिटली, जणू ते माप हातात ठेवून घेतलं.

"तेही वाचते," ते म्हणाले. "पाणी दे मले."