शुक्रावरचा वारा आणि दुसरी कड

माझ्या हट्टापायी शुक्रावरच्या वाऱ्याचे मोजमाप फसले, असे माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने प्रयोगशाळेच्या स्नेहमेळाव्यात व्यासपीठावरून सांगितले. लोक हसले. ते चित्रण पुतण्याने मला इथे धानाच्या मुलखात, गोरेगावच्या घरी मोबाइलवर दाखवले, तेव्हापासून मी एका जागी बसू शकलेलो नाही.

घडले ते वेगळे. शुक्राच्या हवेतून आलेल्या प्रकाशात ठरावीक जागी रेषा दिसतात. रेषेच्या रुंदीवरून तिथले तापमान कळते. रेषा जागेवरून किती सरकली, त्यावरून वारा. ग्रहाच्या एका कडेवर दुर्बीण रोखून आम्ही मोजले. वारा प्रचंड निघाला आणि मंडळी पेढ्यांची भाषा बोलू लागली. मी म्हणालो, दुसरी कड मोजा. एका कडेला वारा आपल्याकडे येत असेल, तर दुसऱ्या कडेला तो दूर जाणार; तिथे रेषा उलट सरकली पाहिजे.

ही सवय मला प्रयोगशाळेने लावली नव्हती. बाजारात धान विकताना माझे वडील व्यापाऱ्याला पारडी पालटायला लावत : धानाच्या जागी वजने, वजनांच्या जागी धान. व्यापारी त्यांना भांडखोर म्हणत आणि पालटत.

शुक्र दिवसाही मोजता येतो; आमच्या पाळीच्या शेवटच्या दुपारी दुसरी कड घेतली. रेषा तिथेही त्याच बाजूला सरकलेली! सरकले होते ते बव्हंशी आमचे उपकरण. रुंदी तीच असल्याने तापमान टिकले. वाऱ्याचा आकडा कोसळला. मोजणी अर्धवट असतानाच ढग आले आणि दुर्बिणीवरची आमची पाळी संपली.

"मंग गप काऊन बसले, काका? बोला, मी रेकॉर्ड करून राहिलो," पुतण्या म्हणाला.

मी बोललो. त्याने ऐकून विचारले, "पन खरा वारा किती होता?"

"ते तुला कायले पाहिजे?"

"लोकं तेच तं इचारतीन!"

मी त्याला मोबाइल बंद करायला लावला. अंगणात फेऱ्या मारल्या. पुन्हा सुरू करायला लावला.

"त्यांचा आकडा चूक होता, हे मी दाखवले. खरा आकडा मला मिळाला नाही. त्यांनाही नाही."

"शेवटचं कापू का? आपली बाजू कमजोर पडते."

"एक अक्षर कापशील तर याद राख."

त्याने ते प्रयोगशाळेच्या मंडळींना पाठवले. त्यांनी ऐकले का, हे मी त्याला आज सकाळपासून विचारतो आहे.