तेल लावलेली पिल्लं

नीरेच्या कालव्याचं पाणी सांगवीच्या आमच्या रानात पाळीनं यायचं, आणि पाळी आली की घरात कुणाचं बूड जमिनीला टेकत नसे. त्यात बायकोनं इंदापूरकडच्या माहेराहून बांबूच्या डालग्यात घालून बदकं आणली. मग तर विचारूच नका. पाटाला पाणी दिसलं की ती असा गलका करायची, की कोऱ्हाळ्याची माणसं आमच्याकडं लग्न आहे समजून जेवायला निघायची.

अंडी मात्र कुठंही घालून विसरायची. एक तर वडिलांच्या पागोट्यात सापडलं, आणि पागोटं तेव्हा त्यांच्या डोक्यावर होतं. बदकीण काही अंड्यांवर बसेना, म्हणून आईनं ती आपल्या खुडूक कोंबडीखाली उबवायला, रवणीला घातली. बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्यापेक्षा उशीर लागतो. कोंबडी कंटाळली, आई कंटाळली, दोघी एकमेकींकडं बघून कुरकुरायच्या. अखेर टरफलं फुटली आणि चपट्या चोचीची, पिवळीधमक पिल्लं बाहेर आली.

आईला अजून नातवंड नव्हतं. तिनं पिल्लं पदरात घेतली आणि तान्ह्या बाळाचं करतात ते सगळं सुरू केलं. करडईचं कोमट तेल चोळायचं, टाळूवर थेंब जिरवायचा, शेगडीवर ओवा टाकून शेक द्यायचा.

बायको म्हणाली, "आत्याबाई, ह्यास्नी आपलं तेल चालत न्हाय. बदकिणीच्या पिसांचं लागतं."

"मग तुझ्या त्या भवानीला सांग की बसायला."

बायकोनं सूप उचललं आणि ती बदकांना दाणे टाकायला गेली.

त्याच दुपारी पाटकऱ्यानं उद्याची पाळी आजच सोडली. पाट भरून आला. मी फावडं घेऊन वाफ्यांची दारं धरायला पळालो, तोवर पिल्लांना पाण्याचा आवाज लागला होता. काठावर कोंबडी घसा फोडत राहिली आणि पिल्लं एकामागं एक पाटात उतरली. पोहणं राहिलं बाजूला, तेलानं लव अंगाला चिकटलेली, भिजलेल्या वातींसारखी ती बुडायला लागली. मी उडी घेतली. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण मी भीमेपर्यंत वाहत गेलो असं पुढं पुष्कळांना सांगितलंय, तेव्हा इथंही तेच धरा. एक सोडून सगळी जिवंत हाती लागली. त्या एकाची मान लोळत होती. आईनं ते माझ्याकडून घेतलं आणि पदराखाली झाकलं.

बायकोनं रिठ्याच्या कोमट पाण्यानं बाकीच्यांचं तेल काढलं, चुलीपाशी त्यांना वाळवलं. उघड्यावर सोडली असती तर कळपानं परकी म्हणून चोचींनी फाडली असती. म्हणून तिनं सगळ्यांत थोराड बदकीण धरून पिल्लांसकट डालग्याखाली कोंडली आणि वर पोतं टाकलं. तिच्या माहेरी असंच करायचे. अंधारात अंगाला अंग लागलं की वास एक होतो, आणि बदकीण आई होते. उजेड दिसला तर मात्र ती उठते, मग पुन्हा बसत नाही.

"कुणी उचलायचं न्हाय," ती म्हणाली.

आत धुमाकूळ सुरू झाला. डालगं डुलत डुलत तुळशीला प्रदक्षिणा घालायला निघालं. तिकडं दारं फुटून पाणी शेजाऱ्याच्या उसात घुसलं होतं, वडील रानातून हाका मारत होते, पण माझा पाय उचलेना. आई उठायची, बसायची, पुन्हा उठायची. तिचा हात डालग्याकडं गेला की बायको नुसती तिच्याकडं बघायची.

मग आतला आवाज थांबला.

"मेली गं समदी," आई म्हणाली. "माझ्या तेलानं मेली."

"बसा, आत्याबाई."

आमच्या घरात आईला असं कुणी बसवलं नव्हतं. ती बसली, पण तिला राहवेना. पोतं तसंच ठेवून तिनं डालग्याची कड बोटभर उचलली, आत बोट सरकवलं आणि तशीच थिजली. मी वाकून पाहिलं. बदकीण पंख पसरून जमिनीला चिकटली होती, पंखांखालून पिवळी बुडं आणि चपट्या चोची डोकावत होत्या, आणि आईचं बोट तिनं चोचीत करकचून धरलं होतं.

बायको सोडवायला पुढं झाली. आईनं मान हलवली.

"चावतीया," ती हळूच म्हणाली. "चावू दे. आता बसलीया ती."