माहेरच्या नावाशिवाय फोटो नाही

जबलपुरातल्या मराठी घरांत अशी एकही लोखंडी पेटी उरलेली नाही, जी माझ्या धाकट्या जावेसाठी उघडली गेली नाही. मला माझ्याच माहेरी कपाटाची किल्ली मागून घ्यावी लागते, हिला लोक ती चहाबरोबर हातात देतात. मला तिचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही मला उगाच चांगली समजणार नाही.

दर महिला दिनाला ती आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये जुन्या काळातल्या बायकांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवते. कुणी सायकलवर शाळेत शिकवायला जाणारी, कुणी नवरा गेल्यावर नर्स झालेली, कुणी नुसतीच चुलीपुढे बसलेली. "नुसतीच कोणी नसते, वहिनी," असं वर मलाच ऐकवते. फोटो हातात आला की आधी त्याची पाठ बघते, चेहरा नंतर. आणि तिचा एक नियम आहे: लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव चालणार नाही, जन्माचं नाव हवं. ते नसेल तर फोटो भिंतीवर लागत नाही. सराफ्यातल्या एका सोनारकाकांना तिने यापायी दुपारभर छळलं.

"ही आमची आई," काका म्हणाले.

"ते नातं झालं, काका. नाव सांगा न."

"मनोरमा."

"ते सासरचं. माहेरचं?"

"अरे दीदी, काहून जीव खाऊन राहिली? चाय पियो!"

तिने चहा घेतला आणि पुन्हा तेच विचारलं.

यंदा मीही आईचा फोटो घेऊन गेले. आई शिवणयंत्रापुढे बसलेली, भोवती तिने शिवण शिकवलेल्या गल्लीतल्या पोरी. मी मधलीच भिंत मागितली. फोटोखाली सुबक अक्षरात 'सुमती' लिहूनही नेलं होतं.

"माहेरचं नाव, वहिनी?"

मला माहीत नव्हतं. पोटच्या मुलीला माहीत नव्हतं! "आठवून सांगते," म्हणाले आणि घरी येऊन भांडी आपटली. आई राहिली नाही, मामाही कधीच गेले. विचारणार कुणाला? जावेची मदत मागणं तर शक्यच नव्हतं.

आठ दिवसांनी तीच घामाघूम होऊन दारात उभी राहिली. आईच्या गावी, मझौलीला, बसने जाऊन आली होती. तिथे तिने आईची बालमैत्रीण शोधून काढली होती.

"वहिनी, यमुना! त्या मावशी सांगून राहिल्या होत्या, खिडकीतून 'यमे' अशी हाक मारली की पाढे अर्धे टाकून पळायची म्हणे."

माझ्या आईचं नाव मला हिने सांगावं! राग आला, आणि रडूही आलं. मी आत जाऊन तिच्यासाठी पोहे टाकले. खाऊन झाल्यावर तिने कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे." मी दोन कार्डं खराब केली, तिने तिसरं पुढे केलं.

फोटो मधल्याच भिंतीवर लागला. जावेचा हेवा आहेच, थोडा कमी झालाय इतकंच. पण मझौलीच्या त्या म्हाताऱ्या मावशींचा फार हेवा वाटतो. त्यांनी यमीला पळताना पाहिलंय. मला भेटली ती सुमतीच.