अकराजणींच्या पट्ट्या

आणीबाणी उठली त्या वर्षी निपाणीतल्या मोतीबिंदूच्या शिबिरात मी अकरा बायकांच्या नको त्या डोळ्यावर पट्टी चिकटवली. काम सोपं होतं. डॉक्टर तपासून 'डावा' किंवा 'उजवा' म्हणत, चिठ्ठीवर लिहीत, आणि ऑपरेशन करायच्या डोळ्याची खूण म्हणून मी त्या बाजूच्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. बायका माझ्याकडं तोंड करून बसल्या होत्या आणि मी डावा-उजवा धरला तो माझा. शाळेत कवायत घेतानाही मी हेच करत असे; पण तिथं चाळीस पोरं मुकाट्यानं माझी चूक सुधारून घेत.

हे काम मला दिलं होतं आक्कानं. आक्का माझी थोरली मावशी, पण आमच्या गल्लीत तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. नवरा लवकर गेला. तीस वर्षं विड्या वळून तिनं तीन मुलं शिकवली. थोरला इंजिनिअर झाला आणि मोठ्या हौसेनं तिला बेळगावला खडेबाजारातल्या आपल्या बिऱ्हाडी घेऊन गेला. पाचव्या दिवशी बोचकं घेऊन ती निपाणीत हजर.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

"कुटं काय? तिथं समदी धडधाकट हाईत. मी काय करू बसून?"

धडधाकट माणसांचं तिला वावडंच होतं. कुणाचं बाळंतपण, कुणाचा ताप, कुणाचं रेशनकार्ड. पदर खोचून ही पुढं. कचेरीत कानडीतून भांडायची आणि बाहेर येऊन मराठीतून हसायची. अक्षराशी तिची ओळख नव्हती. माझ्या बी.एड.चं मात्र तिला कौतुक होतं, निदान त्या शिबिरापर्यंत.

त्या वर्षी 'शिबिर' शब्द ऐकला तरी लोक दारं लावून घेत. नसबंदीच्या गाड्या सगळ्यांच्या डोक्यात ताज्या होत्या. आक्का महिनाभर घरोघर फिरली. विड्या वळणाऱ्या अकराजणी कशाबशा तयार झाल्या, त्याही तिच्या एका बोलावर: "माझ्या शब्दानं तुमचा डोळा गेला, तर माझा काढून घ्या."

शिबिराच्या दिवशी दुपारी ती चहाची किटली घेऊन शाळेच्या व्हरांड्यात आली; शिबिर तिथंच होतं. रांगेकडं बघितलं आणि किटली खाली ठेवली.

"तानीची पट्टी कुणी लावली?"

"मी."

ती पहिल्या नंबराला बसलेल्या तानीबाईला म्हणाली, "तानी, एक बिडी वळून दाव."

"आता? पान कुटं हाय?"

"नसू दे. हात चालीव."

तानीबाईनं मांडीवर सूप आहे असं समजून मोकळ्या हातांनी विडी वळायला घेतली, आणि तिची मान आपोआप डावीकडं वळली. दिसणारा उजवा डोळा पुढं आला. पट्टी नेमकी त्याच डोळ्याच्या भुवईवर होती.

मग आक्कानं सगळ्या रांगेलाच विड्या वळायला लावल्या. अकराजणी, ना पान, ना तंबाखू, ना दोरा. बोटं मात्र सराईत चाललेली. ज्या डोळ्यानं बाई ते नसलेलं पान बघत होती त्याच्यावरची पट्टी आक्का काढायची आणि दुसऱ्यावर लावायची. अकराच्या अकरा. डॉक्टरांनी चिठ्ठ्या ताडून बघितल्या. सगळ्या जुळल्या.

"पट्ट्या बदलाय सांगितलंय डाक्टरनी," ती बायकांना म्हणाली. "पहिल्या नीट चिकटल्या नव्हत्या." आक्काच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं.

मला तिनं पाण्याच्या टाकीमागं नेलं. "ह्यातली एक जरी भेदरून उठली असती, तर फुडल्या वर्षी कोण आलं असतं रं?" एवढंच. मी रडायच्या बेताला आलो होतो. तिनं माझ्या हातात किटली दिली. "जा, चहा वाट. त्यात डावं-उजवं न्हाय."

पुढं दहाएक वर्षं शिबिर होत राहिलं. पन्नास बायका येत, कधी शंभर. माझी चूक तिनं कुणालाही सांगितली नाही, माझ्या आईलासुद्धा नाही. दर वर्षी चहा मात्र माझ्याकडंच.

आक्का गेली तेव्हा ऐंशीच्या घरात होती. विहारातल्या शोकसभेत मी हेडमास्तर म्हणून बोलायला उभा राहिलो आणि ती गोष्ट पहिल्यांदा सांगून टाकली. तुमचे डोळे माझ्यामुळं जाणार होते, म्हणालो. आक्कानं ते वाचवले आणि माझी अब्रूही झाकली, तुम्हाला पत्ता लागू दिला नाही. पुढच्या रांगेत तानीबाई बसली होती. तिनं पदरानं नाक पुसलं.

"मास्तर, आमास्नी तवाच ठाव हुतं. आक्का येस्तवर गप बसलो हुतो," ती म्हणाली. "आमी एकाच डोळ्यानं आंधळ्या हुतो."